पगार कितव्या तारखेला होतो?

१९७९-८० च्या सुमारास आमच्या चिंचवडच्या घरात एकदम चौघे नोकरीच्या शोधात होतो. दोघे सख्खे, दोघे चुलत. तिघे आयटीआयवाले, मी एकटा बी.कॉम. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नावं घातलेली, कार्डं अण्णांच्या ट्रंकेत. कॉल यायचा तेव्हा यायचा. तोवर कंपन्या आपल्या आपणच हुडकायच्या.

हुडकायच्या म्हणजे एमआयडीसीतून सायकल हाणायची. टेल्को, बजाज, एचए या बड्या कंपन्यांची चौकशी करायचा प्रश्नच नव्हता. तिथं नुसतं लागायचं होतं आणि तेच जमत नव्हतं. घोळ असायचा तो लहान कंपन्यांचा. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या टपरीवर कटिंग घेऊन उभं राहायचं. बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडावरून कंपनी ओळखता येते, असं थोरल्याचं म्हणणं. मला कधी आली नाही, त्यालाही येत नसावी. टपरीवाल्याला मात्र येत होती. "सात-आठ महिन्यांनी सगळी तोंडं बदलतात," एवढंच तो बोलायचा. म्हणजे २४० दिवस भरायच्या आत ब्रेक, परमनंटचं नाव नको.

अण्णा विचारत, युनियन कुणाची? बोनस ८.३३ टक्केच की वर काही? आणीबाणीत हाच किमान बोनस ४ टक्क्यांवर आणला होता, ते त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. माझी तऱ्हा वेगळी. एका गोडाऊनवर कारकुनी करता करता मी पेपरातल्या 'नामांकित कंपनी'च्या जाहिरातीला अर्ज टाकला. नाव नाही, नुसता बॉक्स नंबर. आठवड्याने आमच्याच मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. अर्ज त्यांच्या टेबलावर होता. "टायपिंग छान आहे," म्हणाले.

काकूचा प्रश्न एकच, आणि तो ती नळावर विचारायची : "तुमच्या ह्यांचा पगार कितव्या तारखेला होतो?" हजाराच्या आत कामगार असतील तर ७ तारखेपर्यंत, जास्त असतील तर १० पर्यंत पगार व्हायला हवा, असं तेव्हाचा १९३६ चा कायदा सांगे. काकूला कायदा ठाऊक नव्हता. पण समोरची बाई "होतो पंधरा-वीसपर्यंत" असं पुटपुटत घागर उचलायला लागली, की त्या कंपनीवर काट.

काकूच्याही वर एक माणूस होता, कोपऱ्यावरचा किराणावाला शेठ. अर्धी आळी त्याच्या उधारीवर. लाल कापडी बांधणीची लांबट वही, आणि एका आडनावाची चार गिऱ्हाइकं असल्यामुळे नावापुढे कंपनी लिहिलेली : पाटील बजाज, पाटील फौंड्री, पाटील एचए. फौंड्रीवाल्यांची उधारी लांबायला लागली, की फौंड्रीचं काय चाललंय ते शेठला युनियनच्या आधी कळे.

धाकट्या चुलतभावाला भोसरीच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. गेटजवळ गुलाबाचे वाफे, इंटरव्ह्यूला चहा-बिस्किटं. पोरगा हरखला. काकू शेठकडे गेली. त्याने काही न बोलता तीन पानं उलटून दाखवली. तिन्ही गिऱ्हाइकं त्याच कारखान्यातली. एप्रिलची उधारी मेअखेर फिटलेली, मेची जुलैत, जूनची फिटलीच नव्हती. "पोराला म्हणावं, थांब."

पोरगा थांबला नाही. दिवाळीनंतर गेटला कुलूप लागलं, दोन महिन्यांचा पगार आतच राहिला. शेठने त्याच्या नावाचं नवं पान काढलं, पुढे 'बंद कारखाना' लिहिलं आणि पुढचे सहा महिने तेल-साखर दिली. ते पैसे त्याने कधी मागितले नाहीत. भावाने ते दुसरी नोकरी लागल्यावर फेडले, पहिल्या पगारापासून.

शेठ गेल्यावर दुकान विकलं, वह्या रद्दीत निघाल्या. एक मी किलोच्या भावाने घेऊन आलो. 'बंद कारखाना'चं पान तिच्यात नाही, ते दुसऱ्या कुठल्या वहीत असणार. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे कुणाच्या माळ्यावर अशा वह्या पडल्या असतील, तर रद्दीत देण्याआधी एकदा चाळून बघा.