शेंद्र्याच्या पत्र्याच्या भिंती

चिकलठाण्याचा विमानतळ मागे पडला, कुंभेफळ गेलं, की जालना रस्त्यावर शेंद्रा येतं. चैत्रातल्या मांगीरबाबांच्या यात्रेसाठी हे गाव ठाऊक. यात्रा अजून भरते, पण आता रोज सकाळी कामगारांच्या बसगाड्याही भरून येतात. २००१ साली इथे स्कोडाचा कारखाना आला, पुढे ऑरिकची औद्योगिक नगरी उभी राहिली, आणि आसपासच्या शेतांत भाड्याच्या खोल्यांच्या ओळी उठल्या.

माझी धाकटी नणंद अशाच एका ओळीत राहते. पुढची भिंत विटांची. बाजू आणि छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं. दिवाळीआधी रंग द्यायचा म्हणून रंगारी तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन आला होता. दारातच तिचं दोन वर्षांचं लेकरू खेळत होतं. म्हटलं, "मामा, थांबा जरा. पत्रे कधीचे ते आधी विचारू." घरमालक म्हणाले, जुन्या गोदामाचे उतरवून लावलेत.

मग खरवडायचं नावच नको! सिमेंट आणि धागे मिळून हा पत्रा होतो. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकनं १९०० च्या सुमारास ही रीत काढली, आणि धागे वापरले अ‍ॅस्बेस्टॉसचे. पत्रा शाबूत आहे तोवर धागे सिमेंटात बसून असतात. कोरडा घासला, कापला, भोक पाडलं की सुटतात आणि फुप्फुसात रुततात. कर्करोग वीस-तीस वर्षांनीही उद्भवतो. युरोपीय संघानं २००५ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे मात्र असे पत्रे विकले जात आले आहेत. बिनअ‍ॅस्बेस्टॉसचेही मिळतात, पण नुसतं बघून फरक कळत नाही. आणि तोंडाला पदर बांधून हे धागे अडत नाहीत, बरं का.

तेव्हा पत्रा आधी पाण्यानं चिंब करायचा. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, वरून खाली हलक्या हातानं. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरचं पाणी. त्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. छपरावर कुणाला चढवू नका, पत्रा पायाखाली फुटतो. तडकलेल्या पत्र्यावर रंग चढवणं म्हणजे शुद्ध फसवणूक. तो मालकाकडून बदलूनच घ्यावा.

भिंत दोन दिवस खडखडीत वाळू द्या. सिमेंटात क्षार असतो. त्यावर थेट तेलरंग दिला तर क्षार आणि तेलाचा चक्क साबण होतो, आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून आधी क्षार सोसणारा प्रायमर, मग बाहेरच्या भिंतीचा पाण्यातला रंग, दोन हात. पत्र्याच्या कापलेल्या कडाही रंगवा, पाणी तिथूनच आत शिरतं. रंगारी त्या हमखास सोडतात. भिंतीवर ऊन असताना ब्रश लावू नये.

घासलेली फडकी झटकू नका. ओलीच पिशवीत बांधून ठेवा. आणि त्या दिवसाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधी पाऊलही न टाकलेल्या बायका नवऱ्याचे कामाचे कपडे धुऊन आजारी पडल्याची उदाहरणं जगभर आहेत.

नणंदेनं फिकट बदामी रंग निवडला. म्हणते, "वहिनी, पांढरा गार असतो खरा, पण इथली धूळ त्यावर फार दिसते हो."