हंसाच्या मानेची किटली

गॅसवर ठेवायची, हंसासारख्या लांब मानेची किटली आणली तेव्हा आई म्हणाली, "पातेल्यानं काय घोडं मारलंय तुझं?" प्रश्न रास्त आहे. पण मंडळी, पातेल्यातून पाणी भसकन पडतं. या किटलीची बारीक नळी बुडाजवळून निघते, त्यामुळे धार हवी तिथे, हवी तेवढीच पडते.

माझं प्रमाण सोपं आहे: १५ ग्रॅम चिकमगळूरची पूड, २५० ग्रॅम पाणी. आधी ३० ग्रॅम पाणी ओतून अर्धा मिनिट थांबायचं. पूड फुगते, आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. मग गोल गोल, सावकाश. १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ बाईंनी मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून कॉफी गाळली. आपला फिल्टरचा कागद तिथून आला.

सगळं मिळून तीन मिनिटं. पण तेवढा वेळ हात किटलीला, डोळे वजनकाट्यावर. मोबाइल बघताच येत नाही! रिटायर झाल्यापासून गप्प गप्प असणारे बाबा नेमके तेव्हाच ओट्यापाशी येऊन उभे राहतात. ते कॉफी पीत नाहीत. "धार तुटली बघ," म्हणतात, आणि मग कारखान्यातल्या गोष्टी निघतात.

हल्ली मी मुद्दाम धार बारीक धरतो. कॉफी जरा कडू होते. चालतं.