हवापालट

‘हवापालट’ हा शब्द आता घराघरांतून फारसा ऐकू येत नाही. आमच्या लहानपणी तो वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात नेहमी असे. विषमज्वरातून उठलेल्या माणसाला, बाळंतपणाने थकलेल्या लेकीला किंवा खोकल्याने बेजार झालेल्या आजोबांना हवापालटासाठी कोठेतरी पाठवावे, असे डॉक्टर आणि शेजारी दोघेही सारख्याच अधिकाराने सांगत. पुढे औषधे प्रभावी झाली, रजा आखूड झाल्या आणि हवापालटाची जागा सहलीने घेतली. सहल आणि हवापालट यांत एक मोठे अंतर आहे. सहलीला जाणारा माणूस काय पाहिले याचा हिशेब ठेवतो, तर हवापालटाला गेलेला माणूस आपण कसे आहोत याचा.

हे अंतर आम्हा उभयतांना साठी ओलांडल्यावर, पन्हाळ्यावर उमगले.

कोल्हापूरकरांना पन्हाळ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. शहरापासून अवघ्या वीस किलोमीटरांवर, सुमारे तीन हजार फूट उंचीचा हा गड आमच्या प्रत्येक पाहुण्याचा ठरलेला मुक्काम. पाहुणे आले की गाडी काढावयाची, वाटेत जोतिबाचा डोंगर दाखवावयाचा, वर जाऊन तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जा कोठी ही स्थळे दोन तासांत उरकावयाची, झुणका-भाकरी आणि दही खावयाचे आणि दिवेलागणीच्या आत परत. अशा रीतीने आम्ही किती वेळा पन्हाळा ‘केला’ याची गणती नाही. गडाच्या तटाची लांबी सात किलोमीटरांहून अधिक आहे, हे मात्र आमच्या पायांना ठाऊक नव्हते.

गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. कोणाच्या, हे येथे महत्त्वाचे नाही. कारण त्यानंतर घरात जे भय शिरले ते दोघांच्याही वाट्याला सारखेच आले. जखम भरली, तपासण्या उत्तम आल्या, डॉक्टरांनी चालावयास सांगितले. पण घरातील चालणे दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंतच राहिले. एकाने जिना उतरावयास पाय उचलला की दुसऱ्याचा जीव वर-खाली होई. ‘दम लागला का?’ हा प्रश्न दिवसातून वीसदा विचारला जाई आणि ‘नाही’ हे उत्तर वीसदा खोटे वाटे. प्रकृती सुधारत होती, संसार मात्र आजारी पडत चालला होता. शेवटी डॉक्टरच म्हणाले, “चार दिवस घराबाहेर जा. चढ-उतार असेल तर उत्तमच. फक्त घाई करू नका.” त्यांची अशी स्पष्ट अनुमती मिळाल्यावर सप्टेंबरात, पाऊस ओसरता ओसरता, आम्ही पन्हाळ्यावर खोली घेतली.

आरोग्यासाठी डोंगराकडे जाण्याची रीत केवळ आपली नाही. युरोपात आल्प्स पर्वताच्या कुशीतील अनेक गावे आरोग्यधामे म्हणूनच वाढली. कोठे ऊन पाण्याचे झरे, कोठे नुसती कोरडी, स्वच्छ हवा. क्षयावर औषध नव्हते त्या काळात स्वित्झर्लंडमधील डाव्होस हे गाव दूरदूरच्या रुग्णांनी भरलेले असे. अशा परंपरेत एका कॅथलिक धर्मगुरूचे नाव आदराने घेतले जाते. बव्हेरियातील फादर सेबास्टियन क्नाइप हे विणकराचे पुत्र. जन्म १८२१ चा. ऐन तारुण्यात क्षयाने खंगले असता त्यांनी डॅन्यूब नदीच्या थंड पाण्यात थोडा थोडा वेळ उतरून स्वतःवर उपचार केले आणि ते बरे झाले. १८५२ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पुढे वोरिशोफेन या खेड्यात धर्मभगिनींच्या मठाचे आध्यात्मिक सेवक म्हणून ते गेले. तेथे गोरगरिबांपासून सरदार-दरकदारांपर्यंत सर्वांची त्यांच्याकडे रीघ लागली. १८८६ मध्ये त्यांचे जलोपचारावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. थंड पाणी, वनस्पती, साधा आहार, नियमित जीवन आणि शरीराची हालचाल एवढ्यावरच त्यांची भिस्त होती. पहाटे दवाने भिजलेल्या गवतावरून अनवाणी चाला, असे ते सांगत. त्यांच्या सर्वच उपचारांना आजचे वैद्यक मान्यता देईल असे नाही. परंतु रुग्णाला अंथरुणातून उठवून गवतावर आणणारा हा धर्मगुरू आम्हांला मोठा वाटतो. त्याने रुग्णाला स्वतःच्या पायांवरचा विश्वास परत दिला.

पन्हाळ्यावर ऊन पाण्याचे झरे नाहीत. त्यासाठी वसईकरांनी वज्रेश्वरी-गणेशपुरीस जावे किंवा घाट उतरून राजापूरजवळील उन्हाळे गाठावे. पन्हाळ्याचे औषध म्हणजे वारा, चढण आणि जुना दगड.

पहिल्या दिवशी आम्ही अंबरखान्यापर्यंत गेलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी नद्यांची नावे असलेली ही धान्याची कोठारे. त्यांच्या जाड भिंतींच्या आत उभे राहिले की वेढा पडलेल्या गडाचे मन कळते: अन्न पुरेल ना, दिवस किती काढावे लागतील? मार्च १६६० मध्ये शिवाजी महाराज या गडावर आले आणि सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले. चार महिन्यांहून अधिक काळ तो वेढा चालला. आजारपणाचा वेढाही काहीसा असाच असतो. कोठार भरलेले असते, पण दरवाजा उघडण्याचे धैर्य होत नाही.

दुसऱ्या दिवशी तीन दरवाजा आणि अंधारबाव. ही तीन मजली विहीर आम्ही पूर्वी वरूनच डोकावून पाहत असू. या वेळी कठड्यापाशी बसून राहिलो. पाण्यावर लक्ष ठेवणे, त्यावर पहारा बसविणे आणि संकटकाळी बाहेर पडण्यास वाट राखणे, या तिन्ही गोष्टी बांधणाऱ्यांनी एकाच वास्तूत साधल्या आहेत. संध्याकाळी सज्जा कोठीवरून खालची शेते ढगांच्या सावल्यांनी झाकत-उघडत होती. शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांची अखेरची भेट १६८० च्या प्रारंभी याच गडावर झाली. बापलेकांना ही भेट शेवटची आहे याची कल्पना नसणार. आम्ही त्या विषयावर एकमेकांशी काही बोललो नाही, पण त्या संध्याकाळी ‘दम लागला का?’ हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी मसाई पठार. पठाराच्या कडेपर्यंत गाडीने गेलो आणि तेथून पायी निघालो. जांभ्या दगडाचे ते अफाट माळरान सप्टेंबरात पाहावे. मातीचा थर इतका पातळ की तेथे मोठे झाड तग धरीत नाही. पण पावसाळा ओसरताना तेवढ्याच ओलीवर तेरडा, सीतेची आसवे, गेंद ही नाजूक फुले गालिचा पसरतात. सीतेची आसवे ही इवली निळी-जांभळी वनस्पती ओल्या मातीतील सूक्ष्म जीव पकडून आपले पोषण करते, कारण खालच्या दगडाकडे तिला देण्यासारखे फारसे काही नाही. २०२२ मध्ये राज्य शासनाने या पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. तरीही पठारावर गाड्यांच्या चाकांचे चर आणि रिकाम्या बाटल्या आम्ही पाहिल्या. एका चाकाखाली जे चिरडते ते पुन्हा रुजण्यास किती पावसाळे जावे लागत असतील!

काही अंतर चालल्यावर आम्ही थांबलो. पुढे जावे की मागे फिरावे? पठार समोर सपाट होते, पण भय आडवे उभे होते. तेथे म्हशी राखणारा एक वृद्ध बसला होता. आमचा विचार त्याच्या ध्यानी आला असावा. तो म्हणाला, “जावा की हळूहळू. पठार कुठं पळून जातंय व्हय?”

आम्ही हसलो आणि पुढे निघालो. त्या दिवशी एकूण तीन-साडेतीन किलोमीटर चाललो असू; गिर्यारोहकाला हसू येईल असे हे अंतर. पण याच पठारावरून जुलै १६६० मध्ये भर पावसात, रात्रीच्या अंधारात महाराज विशाळगडाकडे गेले आणि त्यांची वाट राखण्यासाठी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांड्यांनी प्राण वेचले. मागे सिद्दीच्या छावणीत, शिवाजी होऊन पालखीत बसलेल्या शिवा काशीदने आपला जीव दिला. मोठ्या माणसांची पावले उमटलेल्या वाटेवर आमच्यासारख्या सामान्यांच्या लहान पावलांनाही मज्जाव नसतो, हे किती बरे आहे!

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत पन्हाळा आहे. आम्हांला अभिमान वाटला, तशी काळजीही वाटली. हा ओसाड किल्ला नव्हे, तर नांदते गाव आहे. येथे शाळा भरतात, भाकऱ्या थापल्या जातात, लोक जन्मतात आणि मरतात. २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला, तेव्हा या गावाचा जीव किती बारीक धाग्यावर आहे हे सर्वांनी पाहिले. आता कीर्ती वाढेल, गाड्या वाढतील. दोन तासांत गड उरकणारे वाढले, तर तट झिजेल आणि गावाच्या हाती कचराच उरेल. चार दिवस राहून, पायी हिंडून, गावकऱ्यांच्या घरचे जेवण जेवून जाणारे वाढले, तर गड आणि गाव दोन्ही सुखी राहतील.

आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी सहली निघतात. बस भरते, ध्वनिक्षेपक लागतो, ज्येष्ठांना ‘तुम्हांला झेपणार नाही’ म्हणून प्रेमाने घरी ठेवले जाते. आमची विनंती एवढीच की, त्यांना डॉक्टरांना विचारून बरोबर घ्या आणि त्यांच्या चालीने चाला. तरुणांनी पुढे धावून यावे, वाटेतली पडलेली बाटली उचलावी, आणि थोडा वेळ आजोबांच्या शेजारी कट्ट्यावर बसावे.

आम्ही परतलो तेव्हा प्रकृतीत चमत्कार झाला नव्हता. गोळ्या त्याच आहेत, पथ्यही तेच. पण रोज सकाळी रंकाळ्याच्या काठाने आम्ही फिरावयास जातो. एक जण दोन पावले पुढे गेला तरी दुसरा घाबरत नाही. दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड अशी तरुणांची पदभ्रमंती निघते. ते सारे अंतर आमच्या आवाक्यात नाही. तरी येत्या पावसाळ्यात त्यांच्याबरोबर गडावरून निघावयाचे आणि पाय सांगतील तेथून परतावयाचे, असे आम्ही ठरविले आहे. डॉक्टरांना विचारले आहे. ते ‘हो’ म्हणाले आहेत. छत्री मात्र घ्या म्हणाले.