समोर कोण?

मला इंग्रजी पहिल्यांदा समजलं ते एका खलनायकाच्या तोंडून.

शाळा मराठी माध्यमाची. पाचवीत एबीसीडी गिरवायला घेतलेली, त्यामुळे नववीत गेलो तरी इंग्रजीची गाडी धक्का मारल्याशिवाय सुरू होत नव्हती. एवढ्या भांडवलावर मामा मला इंग्रजी पिक्चरला न्यायचा. पुण्यात त्यासाठी जागा ठरलेल्या होत्या. लकडी पुलाच्या तोंडाशी अलका, शिवाजीनगरच्या बाजूला राहुल, कॅम्पात वेस्ट एन्ड. सायकलच्या दांडीवर बसायचं वय उलटलं होतं, म्हणून मी कॅरिअरवर. चढ आला की उतरायचं. मामा पॅडल मारता मारता बाँडची धून शिट्टीवर वाजवायचा आणि कधी कधी तिच्यात नकळत नाट्यपदातली एखादी हरकत घुसायची.

मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता. तिथे तो काय करतो हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही. आजीला नाही, मामीलाही नाही. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचा. गुप्तहेरांच्या पिक्चरची त्याला इतकी ओढ का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

पडद्यावर हीरो यायचा आणि आमची पंचाईत व्हायची. शॉन कॉनरीचं बोलणं अर्धं ओठांत राहायचं आणि रॉजर मूरचं भुवईत. पुढच्या रांगेतली इंग्लिश मीडियमची मुलं खिदळली की आपणही खिदळायचं, एवढाच त्या विनोदांशी आमचा संबंध. पण खलनायक बोलायला लागला की कान उघडायचे. तो सावकाश बोलायचा. एकेक शब्द सुटा, शिक्षकांनी शुद्धलेखन घालावं तसा. हातपाय बांधून ठेवलेल्या बाँडला तो आपला सगळा बेत पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून सांगायचा. या सवयीला जाणकार हसतात. हसोत बापडे, मराठी माध्यमाच्या मुलांवर तिचे फार उपकार आहेत. तासभर नुसतं जे पाहिलं होतं त्याचा अर्थ त्या पाच मिनिटांत लागायचा. बाँड बघायचा आणि खलनायक ऐकायचा, अशी आमची वाटणी होती.

‘गोल्डफिंगर’ १९६४चा. माझ्या वाट्याला तो पुष्कळ उशिरा आला, फिरून फिरून झिजलेल्या प्रिंटमधून, जिच्यावर सतत पाऊस पडत होता. फोर्ट नॉक्समधलं सोनं गोल्डफिंगरला पळवायचंच नसतं. ते किरणोत्सर्गी करून अठ्ठावन्न वर्षांसाठी निकामी करायचं, म्हणजे आपल्या तिजोरीतल्या सोन्याचा भाव चढेल, असा त्याचा डाव. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही सराफाला हा हिशेब चहा संपायच्या आत पटला असता. मलाही पटला, आणि तोही इंग्रजीतून! इंटरव्हलच्या खाऱ्या दाण्यांची पुडी तशीच हातात राहिली होती.

पुढे केव्हातरी वाचलं की गोल्डफिंगर झालेला गर्ट फ्रोब हा जर्मन नट. त्याचं इंग्रजी इतकं बेताचं की पडद्यावरचा आवाज मायकेल कॉलिन्स नावाच्या दुसऱ्याच नटाचा होता. ज्याच्यामुळे मला इंग्रजी समजलं त्यालाच ते धड येत नव्हतं. हे वाचून मला फार बरं वाटलं.

कोणता बाँड चांगला, हा वाद पुणेकराला शिकवावा लागत नाही. गणपतराव बेलवलकरांवरून भांडलेली माणसं आम्ही. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी ‘नटसम्राट’ उभा केला, मग दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, आणि घराघरांत प्रत्येकाचा एकेक वकील तयार झाला. तेव्हा कॉनरी, लेझनबी, मूर, डाल्टन, ब्रॉस्नन आणि क्रेग हे सहा नट आणि १९६२पासून २०२१पर्यंतचे पंचवीस पिक्चर म्हणजे कट्ट्यावरच्या काही महिन्यांच्या संध्याकाळींची बेगमी. माझं मत विचाराल तर हा वाद चुकीच्या खुर्चीकडे तोंड करून चालतो. बेलवलकरांचं दुःख नटागणिक बदलतं, कारण भूमिकेला आतून खोली आहे. बाँड हा चांगला शिवलेला कोट. अंगात कोण आहे ते महत्त्वाचं खरंच, पण तो कोट घालून माणूस उभा कोणासमोर आहे, यावर त्याची उंची ठरते.

मूरचंच बघा ना. १९७४ मध्ये समोर ख्रिस्तोफर ली होता, सोन्याच्या पिस्तुलाचा स्कारामांगा. त्याच्यासमोर सदा गालात हसणारा मूरसुद्धा टोकदार दिसतो. अकरा वर्षांनी ‘अ व्ह्यू टू अ किल’मध्ये मूर सत्तावन्न वर्षांचा आणि समोर तरणाबांड ख्रिस्तोफर वॉकन. पाहताना वाटतं, निवृत्त काका सोसायटीतल्या वाह्यात पोराला समज द्यायला जिना चढून आलेत. लेझनबी तर नट नव्हताच, ऑस्ट्रेलियातून आलेला मॉडेल, आणि काम मिळालं एकाच पिक्चरमध्ये, १९६९ला. तरी तो पिक्चर माझ्या वरच्या पाचांत आहे, कारण तिथे खलनायक नुसत्या धमक्या देत नाही. लग्न होऊन काही तासही उलटत नाहीत तोच बाँडची बायको गोळीने मरते आणि मारणारे निसटून जातात. ब्रॉस्ननसमोर पहिल्याच खेपेला शॉन बीन होता, एकेकाळचा सहकारी, त्याच शाळेत त्याच गुरूकडे शिकलेला. दोन वर्षांनी आला एक वृत्तपत्रसम्राट. मथळा मिळावा म्हणून तो युद्ध पेटवायला निघतो. १९९७ साली आम्ही त्याला हसलो होतो.

क्रेगचं नशीब थोर. पहिल्याच पिक्चरमध्ये, २००६ला, त्याला मॅड्स मिकेल्सनचा ल शिफ्र मिळाला. डोळ्यातून रक्त येणारा, श्वासासाठी औषधाचा फवारा ओढणारा आणि मुख्य म्हणजे घाबरलेला. दुसऱ्यांचे पैसे बुडवून बसलेला हा माणूस पत्त्यांच्या टेबलावर घामाघूम होऊन खेळतो, कारण त्याच्याही मानगुटीवर कोणीतरी बसलंय. पुढे ‘स्कायफॉल’मध्ये हावियेर बार्देम लिफ्टमधून बाहेर पडतो आणि उंदरांची गोष्ट सांगत सांगत लांबून चालत येतो, तेव्हा त्या भल्यामोठ्या दालनात बाँड फक्त श्रोता असतो. आमच्या रंगभूमीवर अशा एन्ट्रीला टाळी पडते. मी टाळी वाजवली होती. मल्टिप्लेक्समधल्या शेजारणीने माझ्याकडे वळून पाहिलं.

ब्लोफेल्डचा किस्सा याहून बोलका. सुरुवातीच्या पिक्चरांत त्याचा चेहरा दाखवतच नाहीत. मांडीवर पांढरं मांजर, ते कुरवाळणारा हात आणि आवाज. तेवढ्याने थिएटर गार. मग १९६७ला चेहरा दाखवला, डोनल्ड प्लेझन्सचा, व्रणासकट. १९६९ला टेली सवालास, १९७१ला चार्ल्स ग्रे, आणि कितीतरी वर्षांनी ख्रिस्तोफ वॉल्ट्झ. चौघेही तालेवार नट, पण कोट एकालाही बसला नाही. नायक बदलत राहतो आणि प्रेक्षक कुरकुरत का होईना त्याला घरात घेतात. खलनायकाच्या बाबतीत हे चालत नाही. वॉल्ट्झला तर पटकथाकारांनी बाँडचा जवळपास सावत्र भाऊच करून टाकलं. भाऊबंदकी! शनिवारवाड्यापासून दीड मैलावर राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगायची म्हणजे कोकण्याला नारळ दाखवण्यासारखं.

जाता जाता नावांचं सांगतो. बाँडकथांच्या लेखकाने, इयन फ्लेमिंगने, नायकाचं नाव पक्ष्यांवरच्या एका पुस्तकाच्या लेखकाकडून उचललं, कारण त्याला साधं, बेचव नाव हवं होतं. खलनायकांची नावं मात्र चवीने निवडलेली. गोल्डफिंगर हे एका वास्तुरचनाकाराचं आडनाव, आणि तो गृहस्थ कोर्टात जायला निघाला होता. क्रिकेटचं समालोचन ऐकणाऱ्यांना हेन्री ब्लोफेल्डचा आवाज आठवेल. त्याचे वडील शाळेत फ्लेमिंगच्या बरोबरीचे.

१९८३ला ‘ऑक्टोपसी’ आला. उदयपूरचे रस्ते, कबीर बेदी, विजय अमृतराज आणि रिक्षांचा पाठलाग. आमच्या बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं, “मीटर टाक!” मुख्य खलनायक कमाल खान, पण तो लुई जुर्दां नावाचा फ्रेंच नट. कबीर बेदी त्याचा उजवा हात, गोबिंदा. तो जुगाराचे फासे मुठीत चुरून त्यांची भुकटी करतो, तेव्हा जी शिट्टी उठली तशी बाँडला मी कधी ऐकली नाही. महाराणीचा हेर आमच्या गल्लीत येऊन आमच्याच माणसाला बडवतोय म्हटल्यावर टाळी कोणाला जाणार? पुण्याने हे आधीही केलं होतं. १९०७ साली खाडिलकरांचा ‘कीचकवध’ आला, तेव्हा रंगमंचावर विराटाचा दरबार होता आणि प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. सरकारलाही तो दिसला. १९१०ला नाटकावर बंदी आली. खलनायक कोण, हे पुष्कळदा खुर्चीत बसलेल्यांवर ठरतं.

आणखी एक गंमत. बाँडचा पहिला पिक्चर लंडनमध्ये झळकला १९६२च्या ऑक्टोबरात. त्याच ऑक्टोबरात दिल्लीला आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग झाला. एकीकडे जाईल तिथे स्वतःचं नाव, तेही आडनाव दोनदा उच्चारून, जाहीर करणारा हेर. दुसरीकडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, घडीत दिवाकर दातार, घडीत कॅप्टन परांजपे, घडीत राधेश्याम महाराज, आणि पकडला की म्हणणार, तो मी नव्हेच. हेरगिरीच्या परीक्षेत मी लखोबाला पैकीच्या पैकी आणि बाँडला काठावर पास करीन. प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर तो वर्षानुवर्षं जिवंत ठेवला. त्या नाटकात नायक कोण होता, सांगा पाहू?

आपल्याकडच्या खलनायकांना गुप्त अड्डे लागत नाहीत. १९६७च्या पिक्चरमध्ये ब्लोफेल्डचा मुक्काम ज्वालामुखीच्या पोटात आहे, रॉकेटसकट. इकडे १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्याची आख्यायिका पुण्यातलं शेंबडं पोरही सांगतं. ‘धरावे’मधल्या ‘ध’चा आनंदीबाईने ‘मा’ केला. बेत एका अक्षराचा, खर्च बोरूभर शाईचा. इतिहासकार त्यावर माना हलवतात, पण बाँडच्या पटकथाकारांना साठ वर्षांत इतका नेटका कट सुचलेला नाही.

आणि निळूभाऊ. पुण्यात जन्मलेले, राष्ट्र सेवा दलात घडलेले, लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेले निळू फुले. बाँडच्या खलनायकांना ओळखीसाठी काहीतरी खूण लागते, चेहऱ्यावर व्रण, पोलादी दात, रडका डोळा. २०१८ला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की चेहऱ्यावरचे व्रण दाखवून दुष्टपणा सुचवणाऱ्या चित्रपटांना यापुढे पैसे देणार नाही. उशिरा सुचलेलं शहाणपण. निळूभाऊंना टोपी आणि धोतर पुरायचं, बाकी सगळं नजरेत आणि घशात. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील आठवा. ज्वालामुखी नाही, साखर कारखाना आहे. तो आपला बेत कोणाला समजावून सांगत नाही. समोर डॉ. लागूंचा फाटका, दारुडा मास्तर, आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, मारुती कांबळेचा. मास्तर त्या प्रश्नाएवढा मोठा होत जातो, कारण उत्तर दाबून धरणारा माणूस तेवढ्याच ताकदीचा आहे. पुढे याच दोघांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी एकत्र प्रयोग केले. बाँड आणि ब्लोफेल्ड एकाच एसटीतून दौऱ्यावर निघालेत, अशी कल्पना करून बघा.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहे. कोथरूडला राहतो, सायकल मुलाने केव्हाच विकली. ‘नो टाइम टू डाय’ आम्ही दोघांनी त्याच्या घरी टीव्हीवर पाहिला. २०२१चा, क्रेगचा शेवटचा. शेवटी बाँड मरतो. साठ वर्षांत पहिल्यांदा. माझा घसा दाटला होता. मामाने चष्मा पुसला आणि विचारलं, “मारला कोणी रे त्याला?”

मी नाव आठवू लागलो. रामी मालेकचा चेहरा आठवत होता, त्यावरचे व्रण आठवत होते. नाव काही येईना. पिक्चर संपून दहा मिनिटंही झाली नव्हती.

“बघ,” मामा म्हणाला. “एवढा मोठा माणूस गेला आणि मारणाऱ्याचं नाव तुला सांगता येत नाही. मग कसला मेला तो?”

संधी साधून मी विचारलं, “मामा, तू खडकीला नेमकं काय करायचास?”

“चहा गार होतोय तुझा,” मामा म्हणाला.

२०२५च्या जूनमध्ये पेपरात बातमी होती. पुढच्या बाँडपटाचं दिग्दर्शन कॅनडाचा डेनी व्हिलनव करणार. मी ती मामाला मोठ्याने वाचून दाखवली. बाँड कोण होणार, हे त्याने विचारलं नाही. दिग्दर्शकाचं नाव मात्र पुन्हा एकदा वाचायला लावलं.

“आडनाव बरं आहे,” तो म्हणाला.