मांडणी

मराठीत 'मांडणी' हा शब्द दोन घरांत नांदतो. अमुक समीक्षकाने प्रश्नाची मांडणी कशी केली, तमुक कादंबरीत काळाची मांडणी कशी आहे, असे आपण वर्गात रोज म्हणत असतो. स्वयंपाकघरात मात्र मांडणी म्हणजे भिंतीला ठोकलेली, भांडी ओळीने लावून ठेवण्याची फळ्यांची किंवा लोखंडी पट्ट्यांची चौकट. पहिल्या अर्थाने हा शब्द मी अनेक वर्षे वापरत आले. दुसऱ्या अर्थाचे वजन कळले ते हरसूलला नोकरीसाठी राहायला आल्यानंतर.

नाशिकहून गिरणारे आणि पुढे वाघेऱ्याचा घाट ओलांडला की हरसूल येते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे हे बाजाराचे गाव. भोवतीच्या पाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी अशी वस्ती. पीक भाताचे, नागलीचे आणि वरईचे. पाऊस असा की चार महिने भिंतींना ओल सोडत नाही. विद्यार्थ्यांच्या घरी जाणे-येणे सुरू झाले तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात येत गेली. घर कितीही लहान असो, दारातून आत पाहिले की समोर मांडणी दिसेल अशी ती लावलेली असते. खालच्या फळीवर डबे, मधल्या फळीवर पेले आणि वाट्या, वरच्या फळीवर उभी केलेली ताटे. दाराचा उजेड त्या ताटांवर पडतो आणि खोलीतला पहिला प्रकाश तिथूनच परत येतो. त्यांतली रोजच्या वापरातली भांडी थोडीच. उरलेली महिन्या-पंधरा दिवसांनी खाली उतरतात, राखेने घासली जातात आणि पुन्हा आपापल्या जागी जातात. त्यांचे काम दिसणे हेच आहे.

ती नुसती दिसत नाहीत, वाचताही येतात. ताटाच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरे असतात: मामाचे नाव, लग्नाची तारीख, कुठे 'सप्रेम भेट', कुठे फक्त गावाचे नाव. भांड्यावर नाव घालून देणारा माणूस दुकानातच बसलेला असे, आणि आहेराच्या ताटाला नाव नसणे म्हणजे पत्राखाली सही नसणे, असे मानण्याची रीत साऱ्या महाराष्ट्रातच होती. एका घरात मला तीन पिढ्यांची लग्ने एकाच फळीवर ओळीने उभी दिसली. पितळेच्या तांब्यावर आजीचे, स्टीलच्या ताटावर आईचे, आणि अजून चकाकी न गेलेल्या डब्यावर थोरल्या वहिनीचे. भिंतीवर घराण्याचा इतिहास लिहिण्याची याहून स्वस्त पद्धत मला तरी ठाऊक नाही.

वृत्तपत्रांच्या गृहसजावटीच्या पुरवण्या आपण चाळतो तेव्हा एक वाक्य निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा भेटते: थोडक्या खर्चात घराला रंग द्या, व्यक्तिमत्त्व द्या. हे वाक्य हसण्यावारी नेण्याची साहित्याच्या माणसांना खोड असते. मला ते गंभीर वाटते. हलाखीतल्या माणसालाही आपल्या भिंतीवर काहीतरी हवेसे वाटते, ही गोष्ट क्षुल्लक नाही. विचार करायचा तो 'व्यक्तिमत्त्व' या शब्दाचा. बाजारात हजारो नगांनी विकली जाणारी वस्तू माझ्या घराला 'माझे' कसे करते?

या प्रश्नाला आपल्याकडे चांगला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि अखेर श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती. त्या छापखान्याने लक्ष्मी आणि सरस्वती राजवाड्यांच्या दालनांतून काढून चाळीच्या खोल्यांत आणल्या. चित्र ही विकत घेऊन भिंतीला लावण्याची गोष्ट सामान्य मराठी कुटुंबासाठी बहुधा तिथून सुरू झाली. पण त्या शिळाछापांचे पुढे काय झाले, हे अधिक मनोरंजक आहे. घराघरांतल्या बायकांनी देवीच्या छापील साडीवर खरी जर चिकटवली, टिकल्या लावल्या, कापडाचे तुकडे कातरून पदर केले. एकाच दगडावरून उतरलेल्या हजारो लक्ष्म्यांपैकी प्रत्येकीला वेगळे करण्याचा तो उद्योग होता. अभिजात कलेच्या अभ्यासकाला ही विटंबना वाटेल. मला ती वाचकाने समासात केलेली टिपणे वाटतात. १९७३पासून निघणाऱ्या 'कालनिर्णय'चेही असेच. ते सर्वांच्या भिंतीवर सारखेच असते. पण दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, उसने दिलेले पन्नास रुपये आणि मुलीच्या परीक्षेभोवतीचे लाल वर्तुळ एवढे त्यावर उमटले की ते दुसऱ्या कुणाच्या घरात टांगता येत नाही.

म्हणजे वस्तू विकत घेतल्याने आपली होत नाही. हात फिरल्याने होते. हरसूलच्या आठवडे बाजाराने मला हे अधिक स्पष्ट करून दिले. तिथे बांबूच्या टोपल्या, सुपे, कोंबड्या झाकायच्या डाली विकायला येतात. मी उत्तरपत्रिका ठेवायला एक टोपली निवडली तेव्हा विणणाऱ्या म्हाताऱ्याने ती हातात उलटसुलट करून विचारले, "बाई, सारवून घेनार ना?" शेणाचा हात देऊन विणीतली भोके बुजवल्याशिवाय टोपलीत धान्य राहत नाही. त्याच्या दृष्टीने विकलेली वस्तू अजून अर्धीच होती. उरलेली अर्धी घेणाराने करायची. शहरातल्या दुकानात वस्तू 'पूर्ण' मिळते. तिच्यात आपल्याला करण्यासारखे काही उरत नाही, आणि म्हणूनच कदाचित ती लवकर जुनी वाटू लागते.

नाशिकच्या माझ्या एका सहकाऱ्यांनी नवी सदनिका घेतली. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांना वारली चौक हवा होता, तोही खऱ्या हाताने काढलेला. त्यांना घेऊन मी एका विद्यार्थिनीच्या आईकडे गेले. लग्नाचे चौक काढण्यात तिचा हात प्रसिद्ध. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "लगीन कोनाचा हाय?"

लग्न कुणाचेच नव्हते. तेव्हा चौक निघणार नाही, हेही तितक्याच सहजपणे ठरले. चौक म्हणजे नक्षी नव्हे. लग्नघरी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो लिहितात. त्यात पालघट देवीला बसवायचे असते, बाजूला पंचशिऱ्या देव असतो, धवलेरी गाणी म्हणत असते. देवी जिथे येऊन बसणार ती जागा बैठकीला शोभा म्हणून कशी काढायची? सहकारी थोडे खट्टू झाले. बाईंनीच तोड काढली. "नाच देते काढून. तारपा. तो कुठं बी चालतो." कापडावर तारप्याभोवती फिरणाऱ्या माणसांचे वेटोळे तिने आठवडाभरात काढून दिले, त्याचा भाव स्वतः सांगितला आणि तो एका रुपयाने कमी केला नाही.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. आदिवासी कलेच्या बाजारीकरणावर आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात आदिवासी स्त्री बहुतेक वेळा फसवली गेलेली, नाहीतर निरागस असते. इथे मात्र काय विकायचे आणि काय नाही, ही रेषा तिची तिनेच आखली होती, आणि ती आखताना तिला कुठल्याही सिद्धान्ताची गरज भासली नव्हती. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणू भागात कागद आणि पांढरा रंग घेऊन पोचले, जिव्या सोमा मशे यांचा हात जगाला दिसला, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ साली वारली चित्रकलेची भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंद झाली. मशे २०१८ साली गेले तोवर त्या त्रिकोणी माणसांनी कपबशांपासून पडद्यांपर्यंत सगळीकडे वस्ती केली होती. या प्रवासात भिंतीवरच्या चित्राचा एक गुण मात्र मागे राहिला: ते टिकण्यासाठी नसते. लग्न होते, पावसाळा येतो, धूर बसतो, पीठ झडते, आणि पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जाते. आपण जे चौकटीत घालून जपतो, ते मुळात पुन्हा काढता यावे म्हणून पुसले जाऊ देण्याची रीत आहे.

सारवणाकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागले. कारवीच्या कुडाची भिंत किंवा मातीची ओटी सारवताना हात अर्धवर्तुळात फिरतो आणि बोटांच्या खुणा मागे राहतात. एका बाईचे अर्धवर्तुळ दुसरीसारखे नसते. ओटी कुणी सारवली हे गावातल्या बायका त्या खुणांवरून सांगतात. सासूचा हात आणि सुनेचा हात एकाच ओटीवर वेगळा ओळखू येतो. गास्ताँ बाशलार या फ्रेंच विचारवंताने घर आणि अवकाश यांविषयीच्या १९५७ सालच्या ग्रंथात असे सुचवले आहे, की घरकाम करणारी बाई वस्तू पुसते तेव्हा ती त्यांना झोपेतून उठवत असते. घर आतून रोज नव्याने बांधले जाते. बाशलारने हे लाकडी कपाटांना मेण लावणाऱ्या हाताविषयी लिहिले. त्याला शेणाचा हात ठाऊक असता तर त्याने आणखी एक प्रकरण लिहिले असते, असे मला वाटते. अर्थात या कामात कंबर मोडते, आणि ते बाईनेच करायचे असते. बाशलारच्या वाक्यातला सुगंध घेताना हे विसरून चालत नाही. 'माझे घर' या विषयावर पहिल्या वर्षाच्या मुलींनी लिहिलेल्या निबंधांत ओल्या सारवणाचा वास वारंवार येतो. पण एकीने लिहिले होते की तिला फरशीचे घर हवे, कारण फरशी पुसायला उभे राहता येते. त्या निबंधाला मी सर्वांत जास्त गुण दिले.

फरशीची आणि सिमेंटची घरे आता पाड्यांवर येत आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २०१६ साली सुरू झाला तेव्हा किमान २५ चौरस मीटरचे घर आणि डोंगराळ व दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. घरकुल मिळालेली माणसे दर्शनी भिंतीला पोपटी, गुलाबी, गडद निळा असा रंग देतात. शहरातून आलेल्या पाहुण्यांना तो भडक वाटतो. मातीचे घर किती सुंदर होते, असे ते आपल्या सिमेंटच्या घरी परतण्यापूर्वी म्हणतात. मला तो पोपटी रंग आवडू लागला आहे. पावसाळ्यात सगळा डोंगर हिरवा आणि आभाळ राखेसारखे असताना आपले घर दुरून ओळखू यावे, ही इच्छा त्यात आहे. अशाच एका गुलाबी घरात गेल्या उन्हाळ्यात मी लग्नाला गेले. गिलाव्याच्या भिंतीवर हात-दीड हाताचा चौकोन गेरूने रंगवला होता आणि त्यात चौक लिहिला होता. गुलाबीवर गेरू आणि गेरूवर पांढरे. रंगसंगतीच्या कुठल्याही पुस्तकात हे बसणार नाही. देवीला त्याची अडचण झाल्याचे दिसले नाही.

रंगाला आणि हाताला खर्च थोडा लागतो. पण त्याआधी भिंत लागते. भातकापणी संपली की इथली अनेक कुटुंबे घाट ओलांडून गिरणाऱ्याकडे, दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. हरसूलची मांडणी कुलपाआड राहते. बागांच्या कडेला बांबूवर ताडपत्री टाकून उभारलेल्या पालांत तीन-चार महिने काढायचे असतात. माझा एक विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरायला येईना, म्हणून मी त्याच्या आईवडिलांना भेटायला तिथे गेले होते. ताडपत्रीला शेण धरत नाही, गेरू धरत नाही, खिळा तर दूरच. आत चार भांडी होती, तीही पिशवीत. पण पालासमोरची दोन हात जमीन सारवलेली होती. तीवर बोटांची अर्धवर्तुळे स्वच्छ उमटली होती आणि कडेने पिठाची एक पांढरी रेघ ओढलेली होती. शेजारच्या पालापुढेही तशीच रेघ होती. मात्र तिथली अर्धवर्तुळे उलट्या बाजूने फिरलेली होती. त्या बाई डावखुऱ्या असाव्यात.

जमीन बागाईतदाराची, ताडपत्री मुकादमाने दिलेली, आणि हंगाम संपला की दोन्ही सोडायचे. तरीही मी चपला त्या रेघेच्या बाहेर काढल्या. कुणी सांगितले नव्हते. पण तिथून घर सुरू होत होते.