फोलिओ नंबर ठाऊक नाही

मोपचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून आमच्या पेडणे तालुक्यात शिकलेल्या पोरांना पहिला प्रश्न एकच विचारला जातो, "विमानतळावर लागली काय गो?" मी बी.कॉम. होऊन पर्वरीला एका गुंतवणूक कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये लागले. मराठी, कोकणी आणि हिंदी तिन्ही येत असल्यामुळे माझी निवड झाली. घरच्यांना वाटलं, फोनवरून काहीतरी विकायचं असणार. पण आमच्याकडे फोन येतात, आम्ही करत नाही. ज्याचा पैसा म्युच्युअल फंडात आहे आणि ज्याला काहीतरी अडलं आहे, तोच फोन करतो.

सकाळची पेडणे–म्हापसा बस, तिथून पुढे शटल, मग नऊच्या आत लॉगिन. बाजार सव्वानऊला उघडतो आणि फोनही तेव्हापासूनच वाजू लागतात. बँकेत पैसे नसल्यामुळे एसआयपीचा हप्ता परत गेला आणि वर बँकेने दंड लावला, ही रोजची तक्रार. दुपारी अडीचनंतर घाई वाढते, कारण इक्विटी योजनेत त्या दिवसाचा भाव हवा असेल तर पैसे तीनच्या आत फंडाच्या खात्यात पोचायला लागतात. "मी दोनला भरले" म्हणणाऱ्याला, बँकेतून ते साडेतीनला आले हे सांगताना आवाज चढवायचा नाही, हे आम्ही प्रशिक्षणातच शिकतो.

आमच्या भागातल्या लोकांची एक अडचण मुंबईच्या सहकाऱ्यांना समजावून सांगावी लागते. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत परबांचं पोरोब झालेलं असतं, कामतांचं कामोतीं. नाईकांच्या स्पेलिंगमध्ये 'क्यू' अक्षर येतं. साठी ओलांडलेल्या माणसाच्या पॅनवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. केवायसी तिथेच अडकते. अशा वेळी मी शांतपणे एकेक कागद वाचायला लावते आणि आधी कुठला दुरुस्त करायचा, कुठला मागाहून, ते क्रमाने लिहून घ्यायला सांगते. समोरचा माणूस चष्मा शोधतो, नातवाला हाक मारतो. असे फोन लांबतात. दर फोनला किती मिनिटं लागली याचा हिशेब आमच्याकडे रोज निघतो, तरी इथे घाई करणं मला कधी पटलं नाही.

४ जून २०२४ चा दिवस मी विसरणार नाही. लोकसभेचा निकाल लागत होता. आदल्या दिवशी अडीच हजार अंश चढलेला सेन्सेक्स त्या एका दिवसात ४,३८९ अंश खाली आला. रांगेतले फोन संपत नव्हते. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "विकू काय?" सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते, ती मला नाही, त्यामुळे हो किंवा नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता. पण माहिती द्यायचा होता. विक्रीची विनंती तीनच्या आधी आली तर आजचाच भाव लागेल, आज तो कमी असणार, एकदा भाव लागला की विनंती मागे घेता येणार नाही, आणि हा पैसा तुम्हाला नेमका कधी लागणार आहे? एवढंच मी प्रत्येकाला सावकाश सांगत, विचारत होते. काही थांबले, काहींनी विकलं. तीनच दिवसांनी, शुक्रवारी, सेन्सेक्स ३ जूनच्याही वर बंद झाला. ज्यांनी विकलं त्यांतल्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी पैसा ठेवला होता आणि घरात कुणाला न विचारता सगळा काढून घेतला होता. हे बायकोला कसं सांगू, असं त्यांनी मलाच विचारलं.

त्या प्रश्नाने माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. आपल्याकडे शेताचा बांध, घराची पट्टी, सोनं, सगळ्यांना ठाऊक असतं. फंडातला पैसा मात्र एकाच माणसाच्या मोबाइलमध्ये राहतो. त्याची किंमत काय पडते, ते मी डिचोलीहून आलेल्या एका फोनवर ऐकलं. ओळख पटेल असं काही मी इथे सांगत नाही.

डिचोली, मये, शिरगाव, साखळी या भागात खनिजाचा धंदा जोरात होता, तेव्हा पुष्कळांनी कर्जावर ट्रक घेतले. हातात पैसा होता, एजंट घरी येत, महिना पाचशे–हजाराची एसआयपी सुरू होई. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मध्ये काही काळ चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते तुटले, मोबाइल नंबर बदलले. पण आधी घेतलेली युनिट्स फोलिओत, म्हणजे फंडातल्या खात्यात, तशीच राहिली.

फोन करणाऱ्या बाई अशाच एका ट्रकवाल्याच्या पत्नी. चवथीआधी घर साफ करताना पत्र्याच्या ट्रंकेत एक जुना कागद मिळाला होता. "फोलिओ नंबर ठाऊक नाही गो बाय, कागदाचो कोनसो फाटला." नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. पॅनवरून फोलिओ सापडला. माझ्यासमोर स्क्रीनवर रक्कम दिसत होती आणि ती मला त्यांना सांगता येत नव्हती. नियम स्पष्ट आहे, माहिती फक्त गुंतवणूकदाराला. हा नियम योग्यच आहे, नाहीतर कुणीही कुणाची पत्नी म्हणून फोन करील. नॉमिनीची जागा कोरी होती.

नॉमिनी असता तर मृत्यूचा दाखला, अर्ज, नॉमिनीची केवायसी आणि बँकेचा पुरावा यांवर काम भागलं असतं. आता वारस सिद्ध करणं आलं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो. वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे अर्धा वाटा मुळातच पत्नीचा. वारस ठरवायला इथे विशेष नोटरीपुढे सक्सेशन डीड होतं, वाद असेल तर कोर्टात इन्व्हेंटरीची कार्यवाही. आमच्या कंपनीच्या बाहेरच्या राज्यातल्या विभागाला हा कागद ओळखीचा नव्हता. तिथून पुन्हा पुन्हा विचारणा आली आणि मी दर वेळी २०१२ च्या गोवा वारसा कायद्याचा उल्लेख करून उत्तर पाठवलं. बाईंना मी सांगितलं, "काकी, डीडच्या प्रमाणित प्रती जास्त काढा, बँकेला, ट्रकच्या कागदांना, सगळीकडे लागतील." बरेच महिने गेले, पण युनिट्स त्यांच्या नावावर झाली. त्यांच्या धाकट्याची आयटीआयची फी त्यातून भरली गेली, हे त्यांनी फोन करून कळवलं.

नॉमिनी नोंदवला की काम संपलं, असंही नाही. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगांवकर यांच्या गुंतवणुकीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी स्पष्ट केलं की नॉमिनी मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो. म्हणून नॉमिनीबरोबर घरात बोलणंही हवं.

आता माझ्याकडे कुठल्याही कामासाठी फोन आला, तरी शेवटी मी विचारते, "नॉमिनी कोण? त्यांना हे ठाऊक आहे काय?" पुष्कळदा पलीकडे थोडा वेळ बोलणं थांबतं आणि मग उत्तर येतं, "ना." आमच्या स्क्रिप्टमध्ये हा प्रश्न नाही, पण तो विचारायला कुणी मनाई केलेली नाही.

तुम्हालाही माझी तीच विनंती. पॅनवरून निघणारं एकत्रित विवरणपत्र वर्षातून एकदा छापा आणि जमिनीच्या कागदांच्या पिशवीत ठेवा. त्यावर नॉमिनीचं नाव तपासा. घरातला कुणी वारला असेल आणि त्याने कधी काळी फंडात पैसे घातल्याची शंका असेल, तर दहा वर्षं व्यवहार न झालेले फोलिओ शोधायला सेबीने २०२५ मध्ये 'मित्र' ही सोय केली आहे, तिथे पाहा. ती नाही जमली तर कंपनीला फोन करा. फोलिओ नंबर ठाऊक नसला तरी चालेल. पलीकडे आमच्यापैकी कुणीतरी असेल, आणि शोधून काढणं हेच आमचं काम आहे.