लांबलेले पारणे

अठ्ठाईचे पारणे कसे करावे, हे आपल्या घरांत कोणाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. आठ दिवसांच्या उपवासानंतर तपस्व्याच्या मुखात प्रथम मुगाचे पाणी जाते, मग पातळ राब, पुढे मऊ खिचडी. पोळी-भाजीचा क्रम त्यानंतर. वडीलधाऱ्या स्त्रिया हे इतक्या सहजतेने सांभाळतात की त्यामागे काही शास्त्र असेल, असे आपल्या ध्यानातही येत नाही. वयाच्या ६३ व्या वर्षी माझ्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि आहारतज्ज्ञ बाईंनी पुढील आठ आठवड्यांचा आहारक्रम हाती दिला. तो वाचून पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, हे तर लांबलेले पारणेच आहे."

वजन ११८ किलो, वीस वर्षांचा मधुमेह आणि जिना चढू न देणारे गुडघे, एवढी पार्श्वभूमी पुरे. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी' या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिच्या कडेने टाक्यांची लांब रेघ असते. ती आतून भरून येईपर्यंत तिच्यावर ताण पडता कामा नये, म्हणून पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, नंतर दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि सर्वांत शेवटी नेहमीचे अन्न. प्रत्येक शल्यचिकित्सकाचे वेळापत्रक थोडे निराळे असते. आपल्या डॉक्टरांचेच प्रमाण मानावे, शेजाऱ्यांच्या मेहुण्याच्या डॉक्टरांचे नव्हे.

पहिला महिना कंटाळ्याचा असतो, पण अवघड नसतो. खरी परीक्षा पाचव्या आठवड्यात सुरू होते. माझ्या वाटीत त्या दिवशी कुस्करलेले पनीर आणि गाळ शिजवलेला दुधी होता, सारे मिळून चार लहान चमचे. एक घास पंचवीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग दुसरा. चार चमच्यांना वीस मिनिटे लागली. बँकेतील चौतीस वर्षांत दुपारचा डबा मी कधी दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ उघडा ठेवला नव्हता! पोट भरल्याची जुनी खूण आता उपयोगाची राहत नाही. उचकी येते, नाकातून पाणी येते किंवा छातीच्या मध्यभागी दाटल्यासारखे वाटते. यांपैकी काहीही झाले की तेथेच थांबायचे. वाटीत अर्धा चमचा उरला असला तरी.

सर्वांना नवल वाटते ते याचे की मऊ फुलक्यापेक्षा खाकरा आधी पचला. कणकेचा मऊ घास चावल्यावर पुन्हा गोळा होऊन त्या अरुंद नळीत अडतो. भाताचेही काहीसे तसेच. कुरकुरीत खाकऱ्याचा मात्र चावून भुगा होतो. फुलक्याचा चौथा हिस्सा मला दहाव्या आठवड्यात चालला.

पुढचा प्रश्न प्रथिनांचा. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मूठभर मावेल अशा पोटात, अंडी वर्ज्य असलेल्या घरात, हा हिशेब जुळवणे सोपे नाही. १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम मिळतात, ३० ग्रॅम मूगडाळीतून सात, पेलाभर दुधातून सहा. त्यात आमच्याकडे द्विदल पाळतात, म्हणजे डाळ आणि कच्चे दही एकत्र येणार नाही. ही अडचण पत्नीने सोयीत बदलली: सकाळी ११ वाजता डाळ, दुपारी ३ वाजता चक्का. उरलेली तूट दुधापासून केलेल्या प्रथिनांच्या पावडरने भरून काढली. प्रत्येक जेवणात आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर धान्य. जीवनसत्त्वांच्या गोळ्या तर कायमच्या, विशेषतः बी-१२. येथे एक सूचना करतो. पुष्कळशा कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. डॉक्टरांना आधी सांगितले तर साध्या गोळ्या किंवा वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूल मिळू शकतात.

मनाला लागली ती गोष्ट निराळी होती. माझा बावीस वर्षांचा चौविहार होता. शस्त्रक्रिया हिवाळ्यात झाली. डिसेंबरात आमच्याकडे पुण्यात दिवस अकरा तासांचा. नवकारसीची ४८ मिनिटे वजा केली की दहा तास उरतात. त्यात पाच छोटी जेवणे, प्रत्येक जेवणाला अर्धा तास आणि त्यानंतर अर्धा तास पाणी नाही. राहिलेल्या पाच तासांत दीड लिटर पाणी, तेही घोट-घोट. गटागटा पिता येत नाही. मी कागदावर मांडून पाहिले, ताशी ३०० मिलिलिटर. चार दिवस प्रयत्न केला. पाचव्या दिवशी तपासणीत शल्यचिकित्सक स्पष्ट म्हणाले, "काका, रात्रीचे चौदा तास पाण्यावाचून आत्ता चालणार नाहीत. मूत्रपिंडावर ताण येईल." त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पत्नीशी बोललो आणि सहा महिन्यांसाठी तिविहारावर आलो. रात्री अन्न नाही, उकळलेले पाणी मात्र घ्यायचे. कोणी म्हणेल, एवढ्या पाण्याचे काय मोठेसे! ज्यांनी व्रत पाळले आहे त्यांना ते कळेल.

आणि मग आपली मनवार. अकराव्या आठवड्यात व्याह्यांकडे साखरपुडा होता. साखर आणि तूप एकदम पोटात गेले की अशा रुग्णाला घाम फुटू शकतो, छाती धडधडते, म्हणून मी आदल्या दिवशी फोन करून कळवले होते. तरीही ताटासमोर मूगडाळीच्या हलव्याची वाटी आलीच. "व्याहीजी, एक घास तरी घ्या, नाहीतर आमचा मान कसा राहणार?" मी हात जोडून म्हणालो, "मान आहेच, पोटाची परवानगी नाही." पंक्तीत क्षणभर अवघडलेपण आले. तेवढ्यात विहीणबाई आतून एक लहान वाटी घेऊन आल्या. त्यांनी माझ्यासाठी बिनतिखटाची घट्ट डाळ वेगळी काढून ठेवली होती. "यांच्याकडे लक्ष देऊ नका, हे सावकाश घ्या," असे म्हणून त्या माझे खाणे होईपर्यंत शेजारीच बसल्या. त्या घरची मनवार मला तेथे पोहोचली.

आता चौदा महिने झाले. वजन ८६ किलो आहे, इन्सुलिन बंद झाले, चौविहार पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस बरेच गळले, ते परत आले. एक फुलका, वाटीभर डाळ आणि भाजी हे माझे पूर्ण जेवण. डॉक्टर सध्या सावध करतात ते शेव-चिवड्याविषयी. हे पदार्थ तोंडात विरघळतात, कोठे अडत नाहीत, पोट भरल्याची खूण देत नाहीत, आणि गेलेले वजन गुपचूप परत आणतात. भावाच्या दुकानात मी रोज संध्याकाळी तासभर हिशेब पाहायला बसतो. गल्ल्याशेजारचा शेवेचा डबा पुतण्याने हल्ली वरच्या फळीवर, जुन्या वह्यांच्या मागे सरकवला आहे. तो कोठे आहे हे मला ठाऊक आहे, हेही त्याला ठाऊक आहे.